लाट पळते की रक्त? आबांच्या डॉप्लरवरून पडलेले प्रश्न

गिरणाकाठ (सोमवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आबांना घेऊन जळगावला गेलो होतो. वय ७१, भडगावकडे शेती, पन्नास वर्षांची बिडी. वर्षभरापासून शेतातून घरी येताना दोनदा बांधावर बसायचे. उजवी पोटरी भरून येते म्हणायचे, पाच मिनिटं टेकलं की मोकळी. आम्ही कमरेची नस समजून तेल चोळत बसलो. शेवटी एका डॉक्टरांनी पावलाला हात लावला, भुवया वर केल्या आणि डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी, लिहून दिला.

रिपोर्ट असा. उजव्या मांडीतली धमनी एका ठिकाणी अरुंद झालीय. त्याच्या अलीकडे रक्ताचा वेग सेकंदाला ८० सेंटीमीटर, अरुंद जागेत ३२०. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब उजवीकडे ०.६२, डावीकडे ०.९५. आणि जाता जाता पोटावर मशीन फिरवलं तर महाधमनीला ३.८ सेंटीमीटरचा फुगवटा सापडला. एका माणसात एक जागा आवळलेली, एक फुगलेली.

मशीनवाल्या डॉक्टरांच्या दारात चाळीस पेशंट, त्यांना विचारत बसायची सोय नव्हती. म्हणून इथे विचारतो. अरुंद जागेत रक्त चौपट वेगाने धावतंय, तर पाऊल गार का? पावलाची नाडी लागत नाही म्हणजे रक्त पोचतच नाही का? आणि पोटावर हात ठेवला तर फुगवट्याची नाडी चांगली ठणठणीत लागते, मग तिथे रक्त जास्त जातंय असं समजायचं का?

औषधं सुरू आहेत, घाबरलेलो नाही. फक्त डोक्यात बसत नाहीये.

---

सातपुडा_एक्स्प्रेस (सोमवार, रात्री ९.२०)

पहिला नंबर माझा. आबांना काळजी घ्यायला सांगा. बिडी बंद केली का ते आधी लिहा, बाकी विज्ञान नंतर.

---

केळीचा_खांब (सोमवार, रात्री ९.४८)

भो, हे तर आमचं रोजचं गणित. तापीवरून दीड किलोमीटर पाइपलाइन आहे माझी, पुढे ठिबक. मध्ये व्हॉल्व्ह अर्धा आवळला तर तिथे पाणी सूं सूं करत जोरात जातं, पण व्हॉल्व्हच्या पुढचा दाबाचा गेज पडतो आणि शेवटच्या लॅटरलला (ठिबकच्या बारीक नळीला) थेंब थेंब. अलीकडचा गेज चढतो. चिंचोळ्या जागेत वेग दिसतो तो दाब खर्चून विकत घेतलेला असतो. पुढे पाइप रुंद झाला की तो खर्च सगळा परत मिळत नाही, भोवऱ्यात आणि आवाजात जातो.

तुमच्या आबांचं पाऊल म्हणजे माझं शेवटचं लॅटरल.

---

गिरणाकाठ (सोमवार, रात्री १०.०५)

@केळीचा_खांब, हे पटलं. पण मग अलीकडचा गेज चढतो तसा आबांचा बीपी चढायला पाहिजे ना? दंडावर १३४ आहे फक्त.

@सातपुडा, बिडी "कमी" केलीय. म्हणजे माझ्यासमोर ओढत नाहीत.

---

डॉप्लरवाली (सोमवार, रात्री ११.३०)

धुळ्यात हेच काम करते, दिवसाला वीसेक पाय बघते. ताट वाढेपर्यंत लिहिते.

ठिबकची उपमा छान आहे, पण एक फरक आहे. पाइपलाइनला एकच वाट. शरीरात महाधमनीपासून शेकडो फांद्या निघतात. मांडीत एक आवळली तर वरचं रक्त दुसऱ्या फांद्यांनी निघून जातं, म्हणून दंडाचा बीपी त्या एका अडथळ्याने चढत नाही.

३२० भागिले ८० म्हणजे ४. रक्त तेवढंच जात असेल आणि वेग चौपट असेल तर वाट एक चतुर्थांश उरली. व्यासात बोलायचं तर निम्मी. इथे रिपोर्ट वाचताना लोक फार गोंधळतात. "व्यास ५० टक्के कमी" आणि "क्षेत्रफळ ७५ टक्के कमी" ही एकाच धमनीची दोन वर्णनं आहेत. एका डॉक्टरने पन्नास सांगितलं, दुसऱ्याने पंचाहत्तर, की नातेवाईक म्हणतात महिन्यात वाढलं!

आणि पाऊल बसल्या जागी सहसा उपाशी नसतं. अडथळ्याच्या पुढच्या बारीक वाहिन्या आपोआप सैल पडतात आणि कमी दाबातही भागवून घेतात. चालायला लागलं की स्नायूला कितीतरी पट रक्त हवं असतं, तेव्हा सैल व्हायला जागाच उरलेली नसते. म्हणून आबा बांधावर बसतात आणि पाच मिनिटांत उठतात. कमरेच्या नसेचं दुखणं नुसतं उभं राहून जात नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. हे दुखणं उभं राहिलं तरी जातं. पुढच्या वेळी बघा.

पाऊल गार असणं आणि नाडी न लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यावर उद्या.

---

अहिरानी_आक्का (मंगळवार, सकाळी ६.४०)

तुमनं बरं शे भाऊ, माले तं निम्मं समजनं नही. पन आबाले सांगा, पायले काटा लागू देऊ नका, जखम बरी व्हत नही लवकर. मना जेठना अंगठा असाच गया.

---

डॉप्लरवाली (मंगळवार, सकाळी ७.१५)

आक्कांनी लाखाचं बोललं. त्यावर मी काही वाढवत नाही.

---

सूत्रधार (मंगळवार, सकाळी १०.२२)

मूळ प्रश्नाचा गाभा शीर्षकात आहे आणि कोणी त्याला हात घातला नाही. नाडी म्हणजे रक्त नव्हे. नाडी ही लाट आहे.

महाधमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २० सेंटीमीटर. हृदयातून निघालेला थेंब पावलापर्यंत जायला कित्येक सेकंद घेतो. पण ठोका पडल्यावर पाव सेकंदाच्या आत घोट्याला नाडी लागते, कारण दाबाची लाट तरुण माणसात सेकंदाला पाच-सहा मीटर पळते, उतारवयात दहा-बारा. तुम्ही बोटाखाली पकडता तो थेंब आधीच्या ठोक्यांपैकी कुठल्यातरी ठोक्याचा असतो.

लाटेचा वेग कशावर ठरतो? भिंतीचा ताठपणा गुणिले भिंतीची जाडी, भागिले रक्ताची घनता गुणिले व्यास, आणि त्याचं वर्गमूळ. मोएन्स आणि कोर्टेवेग या डच मंडळींचं सूत्र, १८७८. त्याच्याही सत्तर वर्षं आधी, १८०८ मध्ये, टॉमस यंगने रॉयल सोसायटीत हृदय आणि धमन्यांवर व्याख्यान देऊन लाटेचा वेग काढला होता. हाच तो प्रकाशाच्या लाटांचा यंग, आणि सूत्रातला ताठपणाही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

म्हणजे भिंत ताठ आणि नळी बारीक, तर लाट जलद. भिंत पातळ, सैल आणि नळी रुंद, तर लाट हळू.

---

केळीचा_खांब (मंगळवार, दुपारी १.१०)

सूत्रधार सर, सूत्र ठीक आहे, पण आमच्या पाइपात लाट पाच मीटरने नाही पळत. लाइट गेली की मोटर थांबते, पाणी थोडं पुढे जातं, मग अख्खा दीड किलोमीटरचा खांब उलटा येतो आणि एनआरव्हीवर (पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर) आदळतो. धाडकन आवाज. मोटरजवळचा पाइप दोनदा फुटलाय. पुढे एअर व्हॉल्व्ह बसवले तेव्हा कुठे शांत झालं.

---

सूत्रधार (मंगळवार, दुपारी २.०४)

तेच सूत्र, फक्त भिंत बदलली. पीव्हीसीत धक्का सेकंदाला तीनशे-चारशे मीटर पळतो, लोखंडी पाइपात हजाराच्या वर. पाइप फुगत नाही, म्हणून धक्का मऊ होत नाही. धमनी प्रत्येक ठोक्याला जरा फुगते आणि रक्त सामावून घेते, मग हृदय विसावलं की आकसून ते पुढे ढकलते. म्हणून हृदय झटक्यांनी फेकत असूनही केशवाहिन्यांत रक्त जवळजवळ सलग वाहतं. तुम्ही एअर व्हॉल्व्ह लावून जे केलंत त्याच जातीचं काम शरीर महाधमनीकडून करून घेतं. १८९९ मध्ये ओटो फ्रांक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने याची तुलना आगीच्या बंबातल्या हवेच्या डब्याशी केली होती. पंप दांड्याने झटके देतो, डब्यातली हवा दबते आणि पाण्याची धार सलग येते.

वय, मधुमेह, बीपी, तंबाखू यांनी महाधमनी ताठ होते, म्हणजे रबरी नळीची हळूहळू पीव्हीसी होते. युरोपातल्या डॉक्टरांनी मानेपासून जांघेपर्यंत लाटेचा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर गेला तर धोक्याची खूण मानली आहे.

---

सातपुडा_एक्स्प्रेस (मंगळवार, दुपारी २.३०)

म्हणजे आमच्या सासूबाई पीव्हीसी. लगेच पोचतात आणि धाडकन.

(हलके घ्या. त्या इथे वाचत नाहीत. बहुतेक.)

---

निवृत्त_गार्ड (मंगळवार, सायंकाळी ६.४५)

भुसावळ यार्डात एकतीस वर्षं काढली. सूत्र कळलं नाही, पण लाट कळली.

शंटिंगला इंजिन उभ्या रेकला टेकलं की खड, खड, खड, खड असा आवाज रेकभर पळत जातो. शेवटचा डबा हलेपर्यंत आपण एक दमदेखील घेत नाही. पण प्रत्येक डबा स्वतः किती सरकतो? वीतभर. धक्का पळतो, डबे सरकतात. हीच तुमची नाडी.

ब्रेकचंही तसंच. ड्रायव्हरने पाइपातली हवा सोडली की माझ्या ब्रेकव्हॅनमधला गेज जरा उशिराने पडायचा. इंजिनकडची हवा माझ्यापर्यंत चालत येत नव्हती, बातमी येत होती. आणि मधल्या एखाद्या डब्याचा कॉक अर्धवट बंद राहिला असेल तर गेज पडायचा, पण आळसावून पडायचा. त्यावरून आम्ही ओळखायचो की मध्ये कुठेतरी घोळ आहे.

---

डॉप्लरवाली (मंगळवार, रात्री १०.५०)

काका, साष्टांग दंडवत! "गेज आळसावून पडायचा" हे मी आता विद्यार्थ्यांना सांगणार. अरुंद जागेच्या पुढे नाडी अशीच असते. लहान आणि उशिरा चढणारी. त्याचं लॅटिन नाव आम्ही परीक्षेसाठी घोकलं होतं, आळसावलेला गेज जास्त चांगला.

आता कालचं उरलेलं. निरोगी पायाच्या डॉप्लरचा आवाज तीन भागांचा असतो. पुढे जोरात, मग क्षणभर मागे, मग परत जरा पुढे. मागे का? कारण लाट पावलाच्या बारीक वाहिन्यांवर आपटून परत येते. कानाला घोड्याच्या टापेसारखं लागतं. अडथळ्याच्या पुढे तिन्ही भाग जाऊन एकच लांबट हुश्श, हुश्श उरतं. पुढच्या वाहिन्या सैल पडलेल्या असतात, परत फेकायला भिंतच नसते, आणि तीक्ष्ण टोकं अडथळ्याने खाल्लेली असतात. तेव्हा @गिरणाकाठ, रक्त पावलाला पोचतंय, ०.६२ म्हणजे पोचतंयच. बोटाला लागत नाही ती लाट. बोटाला रक्त कळत नाही, दाबाची चढण कळते, आणि चढणच बोथट झालीय.

---

नंदुरबारी_मिरची (बुधवार, सकाळी ८.३३)

घोड्याची टाप म्हणालात म्हणून. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघत फिरायचं आणि तिथे रक्तदाबाचा विचार करायचा, असं माझ्याशिवाय कोणी करत नसेल. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने घोडी आडवी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली, तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढलं आणि प्रत्येक ठोक्याला वर-खाली होत राहिलं. १७३३ च्या पुस्तकात हे छापलंय. रक्तदाब मोजण्याची ही पहिली नोंद. बिचारी घोडी.

आता मुद्द्याचं. माझा मावसभाऊ, एकोणीस वर्षांचा, बीपी १७० च्या वर. सगळे म्हणाले टेन्शन, बारावीपासून आहे. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक हात मनगटावर आणि एक जांघेत ठेवला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "खालची नाडी मागून येतेय." छातीतच महाधमनी जन्मापासून चिमटलेली होती. आता स्टेंट आहे, क्रिकेट खेळतो. तर प्रश्न असा. सूत्रधारांच्या हिशेबाने लाट सेकंदाला पाच-सहा मीटर, मग बोटाला कळण्याइतकी मागे कशी पडते?

---

सूत्रधार (बुधवार, सकाळी ११.१७)

उत्तम प्रश्न. एरवी मनगट आणि जांघ जवळजवळ एकदमच लागतात. चिमट्यातून जाणारी लाट वाटेत पेंगत नाही हो. चिमट्यापुढे तिची चढण इतकी सपाट होते की शिखर उशिरा येतं. शिवाय बरंचसं रक्त बरगड्यांच्या धमन्यांतून वळसा घेऊन खाली उतरतं. बोट शिखर ओळखतं, सुरुवात नाही. म्हणून "मागून येतेय" असं वाटतं. वरच्या अंगात मात्र बीपी चढतो. केळीच्या खांबांचा अलीकडचा गेज इथे खरा ठरतो, कारण अडथळा मुख्य लाइनवरच आहे.

---

वैद्य_पांझराकाठ (बुधवार, दुपारी ३.२०)

नाडीवर तीन दिवस चर्चा आणि वैद्याला कोणी विचारलं नाही, नवल आहे. शार्ङ्गधर संहितेत नाडीची गती सांगितली आहे. वातात सर्प आणि जळू, पित्तात चिमणी, कावळा, बेडूक, कफात हंस आणि पारवा. तुमचा आलेख काढणारं यंत्र नव्हतं तेव्हा माणसांनी बोटांनी लाटेचा आकार ओळखला, हे तरी मान्य कराल?

---

सूत्रधार (बुधवार, दुपारी ३.४१)

मान्य. फक्त बेडकाची गती मीटर प्रति सेकंदात किती ते सांगा.

---

वैद्य_पांझराकाठ (बुधवार, दुपारी ४.०२)

बेडूक वेगासाठी नाही, उडीसाठी आहे. एकदम चढते आणि एकदम पडते अशी नाडी. तुमच्याच इंग्रजी वैद्यकात महाधमनीची झडप गळकी असली की नाडी धाडकन चढून धाडकन पडते, तिला तुम्ही पाण्याच्या हातोड्याची उपमा दिली. कॉरिगन या डॉक्टरने १८३२ मध्ये वर्णन केलं तीच. तुम्ही हातोडा म्हटलं तर शास्त्र, आम्ही बेडूक म्हटलं तर चेष्टा?

---

सातपुडा_एक्स्प्रेस (बुधवार, दुपारी ४.०५)

वैद्यबुवा १, सूत्रधार ०.

---

डॉप्लरवाली (बुधवार, रात्री ९.३०)

आकार ओळखण्याबद्दल वैद्यबुवांशी सहमत. पण मनगटावरून मांडीतला अडथळा कळत नाही, तिथे दोन्ही पॅथी सारख्याच आंधळ्या. पायाची नाडी पायालाच बघायची. एक पावलाच्या पाठीवर, एक आतल्या घोट्यामागे, दोन्ही पायांची तुलना करून. पाठीवरची नाडी काही निरोगी लोकांतही जन्मजात लागत नाही, म्हणून तेवढ्यावरून घाबरू नका. घोट्यामागचीही नसेल तर मात्र दाखवा.

---

केळीचा_खांब (बुधवार, रात्री ९.५५)

मॅडम, तो घोटा भागिले दंड आकडा. माझ्या आईचा १.४५ आला. पंधरा वर्षं शुगर आहे. मी खूश झालो, ०.९ च्या वर म्हणजे झकास. डॉक्टर काही खूश दिसले नाहीत.

---

डॉप्लरवाली (बुधवार, रात्री १०.२०)

कारण तो आकडा खोटा जास्त आहे. मधुमेहात पायाच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साचतो. पट्टा कितीही फुगवला तरी ती दबतच नाही, म्हणून दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. १.४ च्या वर गेलं की तो आकडा सोडून अंगठ्याचा दाब मोजतात, तिथल्या बारीक धमन्या सहसा चुन्यातून वाचलेल्या असतात. आईंचा अंगठा मोजून घ्या. आणि आक्कांचा सल्ला त्यांनाही लागू.

---

पुणेरी_परका (गुरुवार, सकाळी ९.००)

हे सगळं गूगलवर मिळतं. धागा कशाला?

---

अहिरानी_आक्का (गुरुवार, सकाळी ९.१०)

गूगलले आबा नही ना भाऊ.

---

गिरणाकाठ (गुरुवार, दुपारी १२.४०)

आक्का _/\_

सगळ्यांचे आभार. पाऊल समजलं. फुगवट्याचं राहिलं. तिथे नाडी एवढी दणकट का? आणि मला एक भीती वाटतेय. खाली मांडीत अडथळा आहे, लाट आपटून परत येते म्हणता, मग ती परतीची लाट वरच्या फुगवट्यावर आदळते का?

---

सूत्रधार (गुरुवार, दुपारी ४.५०)

आधी पाट डोळ्यासमोर आणा. वाहत्या पाटात पुढे फळी टाकून वाट आवळली तर फळीच्या अलीकडे पाणी चढतं आणि ती चढण मागे मागे सरकते. पाट एकदम रुंद झाला तर उलटं होतं. पाणी पसरतं, पातळी उतरते आणि तो उतार मागे सरकतो. धमनीतही हेच. अरुंद जागेवरून दाब वाढवणारी लाट परत येते, फुगवट्याच्या तोंडावरून दाब कमी करणारी. आणि फुगवटा संपून धमनी पुन्हा बारीक होते तिथे परत वाढवणारी. या दोन लाटा एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात, कारण नाडीची लाट फार लांब असते. सेकंदाला सहा मीटर वेग आणि मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका लाटेची लांबी पाच मीटर भरते. माणूस तिच्यात तीन वेळा मावेल. पाच मीटरच्या लाटेला आठ-दहा सेंटीमीटरचा फुगवटा म्हणजे रस्त्यातला खडा. म्हणून फुगवट्यात दाब आजूबाजूइतकाच असतो, नाडी मोठी लागली तरी.

वेगाचं म्हणाल तर फुगवट्यात दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. व्यास वाढला म्हणून लाट मंदावायला हवी, भिंत ताठरली म्हणून जलद व्हायला हवी. म्हणून नुसत्या वेगावरून फुगवटा ओळखता येत नाही, व्यासच मोजावा लागतो.

---

डॉप्लरवाली (गुरुवार, रात्री १०.१५)

मग नाडी मोठी का लागते? कारण मोठी गोष्ट कातडीच्या जवळ आली आहे, एवढंच. रक्त तिथे जास्त जात नाही, उलट रेंगाळतं, भोवरे करतं, आणि भिंतीला रक्ताच्या गुठळीचा थर बसतो. बोटं दोन बाजूंना ठेवली तर बोटं एकमेकांपासून दूर ढकलली जातात. नुसती वर उचलली गेली तर ती पुढची एखादी गाठ नाडीवर बसून हलत असू शकते. (आबांच्या पोटावर हा प्रयोग करू नका, तो आमच्यासाठी आहे.)

धोका दाबाचा नाही, ताणाचा आहे. दाब तोच असला तरी त्रिज्या दुप्पट झाली की भिंतीवरचा ताण दुप्पट होतो. लहानपणी फुगा फुगवताना सुरुवातीला गाल दुखतात आणि एकदा फुगला की सोपा जातो, तेच कारण. सायकलच्या ट्यूबला एकदा बेंड आला की तो तिथेच वाढतो.

पोटातली महाधमनी साधारण २ सेंटीमीटरची असते, ३ च्या वर गेली की फुगवटा म्हणतात आणि पुरुषांत साधारण ५.५ झाल्यावर दुरुस्तीचा विचार होतो. ३.८ म्हणजे ठरलेल्या अंतराने सोनोग्राफी करून नजर ठेवायची. अंतर तुमचे डॉक्टर ठरवतील. वाढ वेगाने होण्यात सगळ्यात मोठा हात तंबाखूच्या धुराचा. गंमत अशी की मधुमेह पायाच्या धमन्यांचं वाटोळं करतो, पण मधुमेह्यांत हा फुगवटा उलट कमी आढळतो.

आईन्स्टाइनलाही हाच होता. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन या सर्जनने तो सेलोफेनने गुंडाळला, आईन्स्टाइन त्यावर सहा वर्षांहून जास्त जगले आणि १९५५ मध्ये तो फुटूनच गेले. आता आतून जाळीची नळी घालता येते.

परतीच्या लाटेची भीती वेडगळ नाही. १९८९ मध्ये जर्मनीत युद्धात मांडीपासून पाय गेलेल्या माजी सैनिकांची तपासणी झाली, त्यांच्यात पोटाच्या महाधमनीचे फुगवटे इतरांपेक्षा बरेच जास्त निघाले. पाय नाही म्हणजे लाट लवकर आणि जोरात परत, असं एक स्पष्टीकरण दिलं गेलं. पण आबांच्या बाबतीत मोठा भाग बिडीचा. एकाच धुराने खाली आवळलं आणि वर फुगवलं. पोटात किंवा पाठीत एकदम जबर कळ आली तर मात्र वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

---

निवृत्त_गार्ड (शुक्रवार, सकाळी ७.३०)

माझ्या मुलाने घड्याळ दिलंय, म्हणतो बीपी सांगतं. ते हिरवा दिवा लावून काय बघतं मग?

---

सूत्रधार (शुक्रवार, सकाळी १०.१०)

काका, ते कातडीखाली रक्ताचं प्रमाण ठोक्यागणिक किती कमी-जास्त होतं ते उजेडाने बघतं. लाटेचा आकार आणि ती यायला लागलेला वेळ यावरून दाबाचा अंदाज बांधतात. पण तुमची भिंत किती ताठ ते घड्याळाला आधी माहीत नसतं, म्हणून पट्ट्याच्या मशीनशी वरचेवर ताडून घ्यावं लागतं. ठोके मोजायला वापरा, गोळी बदलायला नको.

---

सातपुडा_एक्स्प्रेस (शुक्रवार, सकाळी १०.३०)

अवांतर: काल कळण्याची भाकरी, भरीत आणि वर पाव किलो शेवभाजी झाली. माझं घड्याळ म्हणालं "तणाव जास्त". तणाव नव्हता, तेलाची तर्री होती.

---

वैद्य_पांझराकाठ (शुक्रवार, दुपारी १२.००)

सूत्रधारांनी पाट काढला म्हणून सांगतो. आमच्याकडे पांझरेवर फडाचं पाणी, म्हणजे बंधाऱ्यातून पाटाने शेतांच्या गटांना वाटलेलं पाणी, शेकडो वर्षांपासून चालतं. बंधाऱ्यावर दार उघडलं की खालच्या फडाचा पाटकरी पाण्याची चढण बघून ओळखतो. उघडलेलं पाणी स्वतः यायला अजून वेळ असतो. वाहत्या पाटात एक पान सोडा आणि त्याच वेळी दार उघडा. आधी खाली पातळी हलते, पान मागून येतं. आबांना हे दाखवा, डॉप्लरपेक्षा लवकर कळेल.

---

सूत्रधार (शुक्रवार, दुपारी १२.२०)

वैद्यबुवा २. मी खेळ सोडला.

---

गिरणाकाठ (रविवार, रात्री ८.४५)

आज केलं. पाटात पाणी चालूच होतं, वर धाकटा भाऊ दाराशी, खाली दीडशे पावलांवर आबा आणि मी. पाण्यात काठी रोवून पातळीला रेघ मारली. भावाने फोनवर "सोडलं" म्हणताच दारही उघडलं आणि निंबाची डहाळीही टाकली. काठीवरची रेघ मिनिटाच्या आत बुडाली. डहाळी चार मिनिटांनी डुलत डुलत आली.

आबा बराच वेळ काठीकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे सांगावा आधी येतो, माणूस मागून." मग म्हणाले, "आन् माझ्या मांडीत फळी टाकलीय." मी म्हटलं हो. मग खिशातून बंडल काढलं, आत अजून सात-आठ बिड्या होत्या, आणि बघितलं माझ्याकडे. टाकतील पाटात असं मला वाटलं. परत खिशात ठेवलं. "पाटात नको, बैलं पितात पाणी."

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. पहिल्या दिवशी १८० पावलांत थांबले होते, आज २१०. सोनोग्राफीची पुढची तारीख लिहून घेतलीय.

---

सातपुडा_एक्स्प्रेस (रविवार, रात्री ८.५२)

आबांना सांगा, डहाळी चार मिनिटांत पोचली, तुमची २१० पावलं किती मिनिटांत?

---

केळीचा_खांब (रविवार, रात्री ९.१५)

आईच्या अंगठ्याचा दाब मोजला मॅडम. कमीच निघाला. बुधवारी पायाच्या डॉक्टरांकडे नेतोय, चपलाही बदलल्या.

आणि गिरणाकाठ भाऊ, तुमच्या लाइनवर एनआरव्हीच्या पुढे एअर व्हॉल्व्ह आहे का? नसेल तर फोटो टाका, जागा सांगतो.